गाडी आपली, हवा कोणाची?

‘माझं घर हा माझा किल्ला’ असं इंग्रज माणूस मोठ्या अभिमानाने म्हणतो. किल्ल्यांच्या बाबतीत आपणही कोणाला हार जाणारे नाही, त्यामुळे इथे स्थायिक झाल्यावर हे वाक्य आपल्याला फार लवकर पटतं. दार लावून घेतलं की आत कोणती भाषा बोलायची, देव्हारा कुठल्या भिंतीला ठेवायचा, मुलांनी किती वाजता झोपायचं, हे आपण ठरवणार. घरानंतरचा दुसरा किल्ला म्हणजे गाडी. परदेशात गाडी ही चैन नसते, ती घराचीच चाकं लावलेली खोली असते. पुढे डॅशबोर्डवर छोटा गणपती, मागे मुलांच्या सीटच्या फटींत अडकलेले चिवड्यातले शेंगदाणे, डिकीत इंडियन स्टोअरमधून आणलेली तांदळाची पिशवी. अशा या आपल्या खोलीत येऊन सरकारने ‘इथे सिगारेट ओढू नका’ असं सांगावं का?

सरकारने ते सांगितलं आहे, आणि त्याला आता बरीच वर्षं झाली. १ ऑक्टोबर २०१५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये, अठरा वर्षांखालील कोणी गाडीत बसलेलं असताना त्या गाडीत सिगारेट ओढणं हा गुन्हा ठरला. डिसेंबर २०१६ मध्ये स्कॉटलंडने आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तर आयर्लंडनेही तसाच कायदा लागू केला. इंग्लंडमध्ये दंड ठेवला पन्नास पौंड, स्कॉटलंडमध्ये शंभर. इंग्लंडमध्ये ओढणाऱ्याला तर दंड आहेच, पण त्याला न अडवणाऱ्या ड्रायव्हरलाही आहे, म्हणजे ‘मी कुठे ओढतोय, भाऊजी ओढताहेत’ ही सबब चालत नाही. काच खाली केली, सनरूफ उघडलं, एसी लावला, तरी सुटका नाही. दार उघडून पाय बाहेर सोडून बसलात तरी नाही. छप्पर पूर्ण मागे सरकवलेल्या उघड्या गाडीला मात्र सूट आहे. इंग्लंडच्या हवेत अशी सूट वर्षातून किती दिवस उपयोगी पडते ते सांगायला नको. आणि सतरा वर्षांचा मुलगा एकटाच गाडी चालवत ओढत असेल तर हा कायदा त्याला काही म्हणत नाही. स्वतःच्या छातीत स्वतः धूर भरणाऱ्याशी या कायद्याला कर्तव्यच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

असा कायदा करणारा ब्रिटन पहिला देश नव्हे. अमेरिकेत आर्कान्सा राज्याने २००६ मध्येच सुरुवात केली होती, तीही अगदी लहान, सहा वर्षांखालील मुलांपुरती. कॅलिफोर्नियात २००८ पासून अठरा वर्षांखालच्या सर्वांसाठी बंदी आली. संयुक्त अरब अमिरातीच्या तंबाखूविषयक कायद्याने बारा वर्षांची मर्यादा घातली. म्हणजे मूल नेमकं कुठपर्यंत मूल असतं यावर जगाचं एकमत नाही. (आपल्याकडे आईला विचारलं तर ते कधीच मोठं होत नाही.) पण गाडीतलं मूल आणि गाडीतला मोठा माणूस यांत काहीतरी मुळातला फरक आहे, एवढं सगळ्यांना मान्य आहे.

विरोध करणाऱ्यांना हसण्यावारी नेऊ नये. १० फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटिश संसदेत या प्रश्नावर मतदान झालं, तेव्हा पक्षांनी आपल्या खासदारांवर आदेश काढला नव्हता. ज्याने त्याने आपल्या विवेकाने मत द्यायचं होतं. बाजूने ३७६ मतं पडली, विरोधात १०७. हे एकशे सात जण काही तंबाखूवाल्यांचे दलाल नव्हते. त्या वेळचे उपपंतप्रधान निक क्लेग यांनीही आधीच जाहीरपणे विरोध दर्शवला होता. आईबापांनी करायचं काम सरकारकडे सोपवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मूल माझं, त्याची काळजी मला तुमच्यापेक्षा जास्त, मग तुम्ही मधे कोण? दुसरा आक्षेप असा की आज गाडीत शिरलात, उद्या स्वयंपाकघरात शिराल, परवा मुलाच्या पोळीवरचं तूप मोजाल. तिसरा व्यवहाराचा: ताशी सत्तर मैलांनी जाणाऱ्या गाडीत मागे बसलेलं पोर सतरा वर्षांचं की एकोणीसचं, हे पोलिसाने ओळखायचं कसं? आणि या तिसऱ्याच्या पोटात एक चौथा आक्षेप आहे, जो आपल्या वर्णाच्या माणसांना न सांगता कळतो. गाडी थांबवायला पोलिसाच्या हाती आणखी एक कारण दिलं, तर ते सगळ्यांवर सारखं वापरलं जाईलच असं नाही.

या चौथ्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. बाकीच्यांना आहे असं वाटतं.

व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय निघाला की जॉन स्टुअर्ट मिलचं नाव येतंच. स्वातंत्र्यावरचं त्याचं पुस्तक १८५९ चं. हा मिल पस्तीस वर्षं लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरीला होता. हिंदुस्थानचा कारभार कागदावरून चालवणाऱ्यांपैकी एक. त्याचा मुख्य सिद्धांत सोपा आहे: प्रौढ माणसाला त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी सक्ती करायची नाही, दुसऱ्याला इजा होत असेल तरच हात धरायचा. त्याच पुस्तकात आपल्यासारख्या समाजांना त्याने या स्वातंत्र्याच्या बाहेर ठेवलं होतं, ते वाचताना आजही जीव जळतो. पण मुलांविषयी तो जे म्हणाला ते नीट वाचण्यासारखं आहे. मूल म्हणजे जणू बापाच्याच शरीराचा एखादा अवयव, असं लोक धरून चालतात, आणि बापाच्या मुलावरील सत्तेला जरा हात लावला की स्वातंत्र्य बुडालं म्हणून ओरडतात, ही त्याची तक्रार होती. एकाचं दुसऱ्यावरचं राज्य आणि एकाचं स्वतःवरचं राज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘माझी गाडी, माझी सिगारेट, माझी फुप्फुसं’ इथपर्यंत सगळं ‘माझं’ खरं आहे. ‘माझं मूल’ म्हणताना मात्र तोच शब्द गुपचूप वेगळा अर्थ घेऊन येतो.

हा वाद आपल्याला नवा नाही. मराठीत तो सव्वाशे वर्षांपूर्वी याहून कितीतरी भयंकर प्रश्नावर झडलेला आहे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आठवा. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचं, एवढाच तो बदल. आज ते आकडे वाचूनच अंगावर काटा येतो. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रवचनं तपासून कायदा धर्माविरुद्ध नाही असं दाखवलं. टिळकांनी विरोध केला. सुधारणा लोकशिक्षणाने आतून व्हावी, परक्या सरकारच्या कायद्याने घरात शिरू नये, ही त्यांची भूमिका. टिळकांचा ‘परकं सरकार’ हा मुद्दा त्या काळी पोकळ नव्हता. पण त्या घरात जी मुलगी होती, तिला लोकशिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, आणि तिचं मत कोणी विचारलंही नव्हतं.

सिगारेटच्या धुराची त्या प्रश्नाशी बरोबरी करायची नाही. फक्त वादाचा सांगाडा तोच आहे: घरातल्या थोरांचा अधिकार, सरकारचा हात, आणि दोघांच्या मधे एक मूल, जे सभेत बोलायला उभं राहू शकत नाही. आपल्याबाबत ‘परकं सरकार’ हा मुद्दा तर उरतच नाही. या देशात रीतसर राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकालाही, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, इथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. आपल्यातल्या पुष्कळांना हे ठाऊक नसतं. कायदा आवडला नाही तर बदलायचा मार्ग आपल्याला मोकळा आहे. मागच्या सीटवरच्या आठ वर्षांच्या मुलीला तो नाही.

आपल्या परंपरेतही मूल ही आईबापांची मालमत्ता मानलेली नाही. जन्माला येतानाच माणूस तीन ऋणं घेऊन येतो, असं आपण ऐकत आलो: देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. यांतलं पितृऋण फेडायची रीत मोठी विचार करण्यासारखी आहे. ज्यांनी दिलं त्यांना परत करता येत नाही. ते पुढच्या पिढीला, संतती वाढवून, द्यायचं. म्हणजे हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर आपलं मूल आपलं कर्जदार नव्हे. ते सावकाराच्या जागी बसलेलं आहे. ‘मी त्याला वाढवतो, मग माझ्या गाडीत मी काय करायचं ते मी बघीन’ हे म्हणणं या हिशेबात उलट्या बाजूला लिहिलं जातं.

आता धुराकडे वळू. मोटारीच्या आतली जागा फार लहान, आपल्या कपड्यांच्या कपाटाहून थोडी मोठी. १९८१ मध्ये ताकेशी हिरायामा या जपानी शास्त्रज्ञाने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः कधीही सिगारेट न ओढलेल्या ९१ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची त्याने चौदा वर्षं नोंद ठेवली होती. ज्यांचे नवरे भरपूर सिगारेट ओढत, त्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त होत होता. दुसऱ्याचा धूर ही नुसती वासाची तक्रार नाही, हे जगाला त्या बायकांनी सांगितलं. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने पुढे स्पष्टच म्हटलं की दुसऱ्याच्या धुराला ‘इतका चालेल’ अशी सुरक्षित मर्यादा नाही. मुलांचं तर आणखी वेगळं. त्यांचा श्वास जलद चालतो, वजनाच्या मानाने ती मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, आणि त्यांच्या श्वासनलिका अजून वाढत असतात. दमा, कानाचे सतत होणारे विकार, छातीचे संसर्ग, तान्ह्यांचा झोपेतला अचानक मृत्यू, या सगळ्यांशी धुराचा संबंध सिद्ध झालेला आहे.

‘मी काच खाली करतो’ असं प्रत्येकजण म्हणतो, आणि ते प्रेमानेच म्हणतो. ॲबरडीनच्या शास्त्रज्ञांनी स्कॉटलंडमधल्या खऱ्याखुऱ्या प्रवासांत गाड्यांच्या मागच्या सीटवर यंत्र ठेवून हवेतले सूक्ष्म कण मोजले. २०१२ मध्ये ते आकडे छापून आले. सिगारेट न ओढलेल्या प्रवासांत सरासरी घनमीटरला सुमारे सात मायक्रोग्रॅम. ओढलेल्या प्रवासांत पंचाऐंशी. हे लोक काचा लावून बसले नव्हते. पुष्कळांनी खिडकी उघडलेली होती, पंखा लावलेला होता. खिडकीने धूर कमी होतो, पण संपत नाही. मोटार धावत असताना तो कुठे वळेल हे ओढणाऱ्याच्या हातात नसतं, आणि मागे बेल्टने बांधलेलं मूल उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे चांगल्या कामासाठी आकडा जरा फुगवला तर पाप नाही असं मानण्याची सवय आहे. गाडीतला धूर बारमधल्या धुरापेक्षा ‘तेवीस पट’ विषारी असतो, असा एक आकडा या चळवळीत वर्षानुवर्षं फिरत होता. दोन संशोधकांनी २०१० मध्ये त्याचं मूळ शोधलं, तर ते एका जुन्या वर्तमानपत्रातल्या कोणाच्या तरी वाक्यापाशी जाऊन संपलं. शास्त्राचा पुरावा काही सापडला नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनलाही २०११ मध्ये आपल्या पत्रकातला हा आकडा मागे घेऊन ‘अकरा पट’ अशी दुरुस्ती करावी लागली. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. सात आणि पंचाऐंशी हे आकडे पुरेसे असताना तेवीसच्या कुबड्या कशाला हव्या होत्या?

पण खरं सांगायचं तर मला हा कायदा पटतो तो धुराच्या आकड्यांमुळे कमी आणि एका मराठी शब्दामुळे जास्त. तो शब्द म्हणजे भीड.

आपल्या समाजात धूम्रपान करणारा बहुतेक वेळा कोण असतो? तो वाईट माणूस नसतो. पुष्कळदा तो घरातला सर्वांत उदार माणूस असतो. नव्याने आलेल्या कुटुंबाला विमानतळावर घ्यायला रात्री दोन वाजता गाडी घेऊन जाणारे काका तेच. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले, नातवंडांना घेऊन रोज बागेत जाणारे आबा तेच. शनिवारी चार घरांची मुलं गोळा करून मंदिरातल्या मराठीच्या वर्गाला सोडणारे शेजारी तेच. आणि सवय त्यांना लागली ती कॉलेजात असताना, ज्या काळी चंचीतली तंबाखू पुढे करणं काय किंवा पाकिटातली सिगारेट पुढे करणं काय, हा आतिथ्याचा भाग होता. आता अशा माणसाच्या गाडीत मागे बसून त्यांना ‘काका, सिगारेट विझवा’ असं म्हणणार कोण? सून म्हणणार नाही. ते सासऱ्यांना सांगणं होईल. मुलगा म्हणणार नाही. वडिलांनी त्याच्यासाठी काय काय केलं ते त्याला ठाऊक आहे. नुकतं आलेलं जोडपं म्हणणार नाही; आज यांचीच गाडी आणि उद्या यांच्याच ओळखीने घर मिळायचं आहे. आणि मूल तर म्हणणारच नाही. ते खोकेल, आणि मग कोणीतरी त्यालाच म्हणेल, ‘अगं, आइस्क्रीम खाल्लंस ना काल, त्याने.’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

भीड ही भिकेची बहीण, असं आपले लोक उगाच म्हणत नाहीत. पण भीड नुसता दुबळेपणाही नाही. थोरांचा मान, उपकारांची आठवण, पाहुण्याचं मन राखणं, हे सगळं तिच्यात मिसळलेलं आहे, आणि हे सगळं टाकून द्यावं असं मला मुळीच वाटत नाही. म्हणूनच निक क्लेग यांचा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. गाडीत आईबाप आहेत आणि त्यांनी ठरवलं की झालं, हे त्यांनी धरून चाललेलं चित्र. आपल्या गाडीत आईबापांच्या वरही कोणीतरी बसलेलं असतं, आणि पुष्कळदा स्टिअरिंग त्यांच्याच हातात असतं. अशा वेळी कायदा एक फार नाजूक काम करतो. तो सुनेला एक वाक्य देतो: ‘बाबा, इथे दंड होतो हो, आणि चालवणाऱ्यालाही होतो.’ यात बाबांचा अपमान नाही, त्यांच्या सवयीवर टीका नाही, उपदेश तर नाहीच. सगळा दोष इंग्रज सरकारवर. बाबा इंग्रजांना दोन शब्द सुनावतील, आणि सर्व्हिस स्टेशनवर गाडी थांबवून खाली उतरून ओढतील. मान राहिला, हवाही राहिली.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये या कायद्याखाली दंड फार थोड्यांना झाले. ‘बघा, कायदा फसला’ असं विरोधक म्हणू लागले. पण तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना विचारून केलेल्या पाहण्यांत वेगळंच दिसलं. ‘मी बसतो त्या गाडीत नेहमी कोणीतरी सिगारेट ओढतं’ असं सांगणारी मुलं इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये शंभरात सुमारे सहा होती; कायदा आल्यानंतर, २०१६ मध्ये, ती दोनपेक्षा कमी झाली. पोलिसांनी पावत्या फाडल्या नाहीत, तरी धूर ओसरला. जिथे शिपाई उभाच नव्हता तिथे लोकांनी सिगारेट विझवली, ती भीतीने असं मला वाटत नाही. घराघरांत कोणीतरी ते वाक्य बोललं असावं, आणि समोरच्याने ते ऐकलं असावं. सीटबेल्टचंही असंच झालं होतं. १९८३ मध्ये पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला तेव्हा स्वातंत्र्यावर घाला म्हणून केवढा गहजब झाला. आज पट्टा न लावता गाडी सुरू केली तर मागचं पोरगंच ओरडतं. आणि पट्ट्याचा कायदा मोठ्या माणसाला स्वतःच्याच भल्यासाठी सक्ती करतो, जे मिलला मुळीच आवडलं नसतं. सिगारेटचा कायदा त्या मानाने सौम्य आहे. तो तुमच्या भल्याचं काही बोलतच नाही.

त्याच्या भिंती मात्र कुठे कुठे विचित्र ठिकाणी बांधलेल्या आहेत. गाडीत पंचवीस वर्षांची गरोदर बाई बसली असेल आणि शेजारी नवरा सिगारेट ओढत असेल, तर या कायद्याने गुन्हा होत नाही. पोटातलं बाळ गाडीत ‘बसलेलं’ नसतं. २०१५ च्या नियमांत ई-सिगारेटही धरलेली नव्हती. आणि सर्वांत मोठी भिंत घराची. गाडीत मूल दिवसाचा अर्धा तास असेल, घरात चौदा तास. हवा तीच, छाती तीच. मग गाडीला बंदी आणि बैठकीच्या खोलीला मोकळीक का? काही जण म्हणतात, रस्ता सार्वजनिक असतो म्हणून. हे मला पटत नाही. रस्ता सार्वजनिक असला तरी मूल ज्या हवेत आहे ती खाजगीच आहे. माझं कारण वेगळं आहे. घरातल्या धुरासाठी पोलिसाला घरात शिरावं लागेल, आणि एकदा ते दार उघडलं की पहिली दारं गरिबांची आणि परदेशातून आलेल्यांची वाजतील. मूल धुरातून सुटावं म्हणून त्याला भीतीत ढकलण्यासारखं होईल ते. म्हणजे घराच्या उंबऱ्याशी कायदा थांबतो तो तिथे धूर कमी हानिकारक आहे म्हणून नव्हे. तिथून पुढचं काम त्याला करता येत नाही, एवढंच. गाडीत शिकलेलं ते वाक्य घरात बोलायचं की नाही, हे आपल्याकडे राहतं. ‘बाबा, बाल्कनीत’ हेही अर्धंच. दाराच्या फटीतून धूर परत येतोच.

भारतात अजून वेगळं चित्र आहे. सार्वजनिक जागी सिगारेट ओढण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणारे मुरली देवरा हे मुंबईचेच, एके काळचे महापौर आणि पुढे खासदार. त्यांच्या याचिकेवर नोव्हेंबर २००१ मध्ये आदेश झाला, २००३ मध्ये कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून, गांधीजयंतीचा मुहूर्त धरून, सार्वजनिक ठिकाणच्या बंदीचे कडक नियम देशभर लागू झाले. बस, रेल्वे, रिक्षा त्यात आल्या. स्वतःची मोटार आली नाही. दुसरीकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या हातात सिगारेट दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे मुलाला सिगारेट देणं हा मोठा अपराध, पण बंद गाडीत तिचा धूर देणं हा अपराधच नाही. सुट्टीत पुण्या-नाशकाकडे जाताना भावाच्या नाहीतर मेहुण्याच्या गाडीत बसलो की आपल्या मुलांच्या मदतीला कायद्याचं वाक्य नसतं. तिथे भिडेशी आपली आपल्यालाच झटापट करावी लागते. इथे दहा वर्षं ते वाक्य बोलण्याची सवय झालेली असेल तर तिथेही ते तोंडातून निघतं, असं दोन-तीन घरांत पाहिलं आहे. ‘मुलीला दम्याचा त्रास आहे’ असं सांगून वेळ मारून नेणारे आईबापही पाहिले आहेत, मुलीला दमा नसताना. त्या खोट्याला मी खोटं म्हणायला तयार नाही.

हा लेख मंदिराच्या स्मरणिकेत छापला जाणार म्हटल्यावर एक प्रश्न येणारच, आणि तो मीच विचारून टाकतो. उदबत्तीचं काय? होमाच्या धुराचं काय? धूर तो धूर. सूक्ष्म कणांना भक्तिभाव कळत नाही. बंद हॉलमध्ये उदबत्त्यांचा जुडगा पेटवला तर मोजणारं यंत्र तिथेही वरच चढेल. फरक एवढा की हॉल मोठा, वेळ थोडा, दार उघडं, आणि कंटाळलेलं मूल उठून बाहेर पळू शकतं, बहुतेक पळतंच. पण आरतीच्या वेळी सगळी लहान मुलं आपण हौसेने अगदी पुढे बसवतो, धुपाटण्याच्या तोंडाशी, आणि गेल्या वर्षी हॉलच्या खिडक्या थंडीमुळे बंद होत्या. दोन उदबत्त्या पुरतात, देवाला वास पोचतो. होम शक्य तेव्हा अंगणात, छपराखाली. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. ज्येष्ठ मंडळींना आवडणार नाही हे माहीत आहे, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांनी मला कधी ना कधी विमानतळावरून घरी आणलेलं आहे.